विजेने रक्तवाहिनी सैल पडली, पण ती मज्जातंतूमुळेच का? रिंगवरचा प्रयोग पायरीपायरीने

बाथमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणाच्या भांड्यात, टांगलेल्या धमनीच्या रिंगला (कड्यासारख्या छोट्या तुकड्याला) वीज दिली, ट्रेस, म्हणजे ताणाचा आलेख, खाली आला आणि वहीत 'मज्जातंतूंमुळे शिथिलन' असं लिहून टाकलं. ही घाई नव्या विद्यार्थ्यांकडून होते तशी अनुभवी हातांकडूनही होते. ट्रेस खाली यायला निदान चार कारणं असतात. मज्जातंतूच्या टोकातून शिथिल करणारा पदार्थ सुटला असेल. विजेने भिंतीतला स्नायू किंवा आतलं अस्तर थेट डिवचलं गेलं असेल. इलेक्ट्रोडपाशी द्रावणातच रासायनिक बदल झाला असेल. किंवा आकुंचन आपसूकच ओसरत असेल आणि नेमकं तेव्हाच तुम्ही बटण दाबलं असेल. पहिलं कारण ठामपणे सांगायचं तर बाकीची तीन बाद करावी लागतात, आणि पायऱ्यांचा क्रम चुकला की ती बाद होत नाहीत.

पुढचं वर्णन वायर मायोग्राफ किंवा ऑर्गन बाथ (रिंगचा ताण मोजणारी उपकरणं) वापरणाऱ्यांसाठी आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीची नैतिकता समितीची मंजुरी हातात आहे, असं गृहीत धरलं आहे.

## सुरुवातीआधी: योग्य वाहिनी निवडा

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. रॅटची छातीतली महाधमनी काढायला सोपी, टांगायला सोपी, म्हणून तीच घेतली जाते. एंडोथेलियमच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या अभ्यासाला ती उत्तम आहे. पण तिच्या भिंतीत मज्जातंतू फार विरळ असतात. तिथे दिवसभर वीज देऊन काही मिळालं नाही तर त्यात नवल नाही.

संवेदी मज्जातंतूंमुळे होणारं शिथिलन पाहायचं असेल तर रॅटच्या आतड्यांकडे जाणाऱ्या मेसेंटेरिक धमनीच्या बारीक शाखा घ्या. तिथे मुख्य संदेशवाहक सीजीआरपी, म्हणजे वाहिनी सैल करणारं एक पेप्टाइड, असतो. नायट्रिक ऑक्साइड सोडणारे मज्जातंतू हवे असतील तर मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्या किंवा शिश्नाची कॉर्पस कॅव्हर्नोसम ही ऊती अधिक योग्य. या दोन प्रकारांतला फरक ट्रेसवर डोळ्यांनाही दिसतो. नायट्रिक ऑक्साइडचं शिथिलन झटकन येतं आणि वीज थांबली की लवकर ओसरतं. सीजीआरपीचं हळूहळू उतरतं आणि सावरायला काही मिनिटं घेतं. हे माहीत नसलं की सीजीआरपीचा संथ उतार 'टोन टिकत नाही' म्हणून फेकून दिला जातो. (टोन म्हणजे वीज देण्याआधी औषधाने आणलेलं आकुंचन.)

## पायरी १: द्रावण

१ लिटर क्रेब्ज द्रावणासाठी सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ०.३० ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २.१ ग्रॅम, ग्लुकोज २ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.३७ ग्रॅम. थोडं इडीटीए, ०.०३ मिलिमोलरच्या आसपास, घातलेलं बरं. ते धातूंचे अंश बांधून ठेवतं आणि नॉरअ‍ॅड्रेनालिनसारखी औषधं बाथमध्ये लवकर खराब होत नाहीत.

कॅल्शियम सगळ्यात शेवटी, वेगळं विरघळवून, द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड पंधरा मिनिटं सोडल्यानंतरच घाला. आधी घातलं तर द्रावण गढूळ होतं. गढूळ झालेलं द्रावण ओतून द्या. ढवळून, गाळून ते वाचवायला जाऊ नका, कारण त्यात कॅल्शियम किती उरलं ते कळायला मार्ग नाही.

तपासून घ्या: वायू सुरू असताना, ३७ अंश सेल्सियसला, पीएच ७.४ च्या जवळ. वायू न सोडता पीएच मोजून आम्ल घालत बसणं ही फार जुनी चूक आहे.

## पायरी २: वाहिनी काढणं, आणि ती कमी साफ करणं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे झालेलं नुकसान पुढे कशानेही भरून निघत नाही.

वाहिनीला आवळून-सोडवणारे मज्जातंतू भिंतीच्या बाहेरच्या थरात, अ‍ॅडव्हेंटिशियात असतात. नेमकं सांगायचं तर हा थर आणि त्याखालचा स्नायूंचा थर जिथे भेटतात तिथे त्यांचं जाळं पसरलेलं असतं. आता एंडोथेलियमवर काम करणाऱ्यांची सवय आठवा. चरबीचा कण दिसता कामा नये, भिंत चकचकीत दिसली पाहिजे. ती सवय इथे घात करते. मीही तसंच केलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली धमनी इतकी स्वच्छ केली की बाजूने काचेसारखी दिसत होती. अस्तरामार्फत वाहिनी सैल करणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनला तिने सुरेख प्रतिसाद दिला. विजेला मात्र ट्रेस सपाट. दोन दिवस स्टिम्युलेटर, वायरी, इलेक्ट्रोड तपासण्यात गेले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शाखेचा तुकडा जेमतेम साफ करून टांगला आणि विजेच्या ठोक्यांच्या पहिल्याच मालिकेला प्रतिसाद आला. यंत्रात काहीच बिघडलं नव्हतं. मज्जातंतू चिमट्याबरोबर निघून गेले होते.

तेव्हा हे असं करा. आतड्याचा तुकडा गार, वायू सोडलेल्या क्रेब्जमध्ये, तळाशी सिलिकॉन ओतलेल्या बशीत पंख्यासारखा पसरून टाचण्यांनी लावा. धमनी आणि शीर शेजारीशेजारी जातात. शिरेची भिंत पातळ, रंग गडद. धमनीची भिंत जाड, आणि रक्त धुतलं गेलं की तिच्या दोन्ही कडांना पांढरट पट्टी दिसते. चरबीच्या गोळ्या धमनीपासून बाजूला ओढायच्या आणि धमनीपासून थोड्या अंतरावर कापायच्या. धमनीवर पांढरे, रेशमासारखे चमकणारे धागे लांबीच्या दिशेने गेलेले दिसले तर त्यांना हात लावू नका. भिंतीला चिकटलेला पातळ, पारदर्शक पदर राहू द्या. धमनी चिमट्यात धरायची वेळ आली तर कापून टाकायच्या टोकालाच धरा.

मायोग्राफसाठी रिंग साधारण २ मिमी लांबीची पुरते. तार आत सरकवताना अस्तर खरवडलं जाऊ नये म्हणून तार सरळ आणि धमनी तिच्या रेषेत असू द्या.

सावधान: आदल्या दिवशीची, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली वाहिनी या प्रयोगासाठी वापरू नका. स्नायू दुसऱ्या दिवशीही आकुंचन पावतो, म्हणून वाहिनी ताजी असल्याचा भास होतो. मज्जातंतूंबद्दल ती खात्री देता येत नाही.

## पायरी ३: टांगणं आणि ताण

इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे, रिंगच्या दोन बाजूंना समांतर, आणि रिंगला किंवा तिच्या तारांना न चिकटणारे. काळे पडलेले इलेक्ट्रोड आधी स्वच्छ करा.

मायोग्राफ असेल तर नॉर्मलायझेशन पूर्ण करा: टप्प्याटप्प्याने ताणत १०० मिमी पारा इतक्या दाबाशी जुळणारा परिघ काढा आणि रिंग त्याच्या ०.९ पट परिघावर ठेवा. ऑर्गन बाथ असेल तर दुसऱ्याच्या लेखातला ग्रॅमचा आकडा उचलू नका. ताण थोडाथोडा वाढवत दर वेळी पोटॅशियमचं आकुंचन पाहा आणि ज्या ताणानंतर ते वाढेनासं होतं तो ताण ठेवा.

मग एक तास विश्रांती. दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदला.

## पायरी ४: स्नायू आणि अस्तर जिवंत आहेत का?

६० मिलिमोलर पोटॅशियम द्या. त्यासाठी जेवढं पोटॅशियम वाढवलं तेवढं सोडियम कमी केलेलं द्रावण वापरा. आकुंचन येऊन टिकलं तर धुवा, पुन्हा द्या. दोन आकुंचनं एकसारखी आली की पुढे जा. नंतर फिनायलेफ्रिन या वाहिनी आवळणाऱ्या औषधाने आकुंचन आणून १ मायक्रोमोलर अ‍ॅसिटिलकोलिन द्या आणि अस्तर शाबूत आहे का ते पाहा.

अस्तर मुद्दाम काढलेली एक रिंग शेजारच्या बाथमध्ये असलेली चांगली. विजेचं शिथिलन अस्तर काढल्यावरही तसंच राहिलं तर ते अस्तरातून येत नाही, एवढं त्याच दिवशी कळतं. अ‍ॅसिटिलकोलिनला १० टक्क्यांहून कमी शिथिलन असेल तरच अस्तर निघालं असं धरा.

## पायरी ५: आवळणारे मज्जातंतू आधी बंद करा

वीज सगळ्याच मज्जातंतूंना एकदम चेतवते. सिंपथेटिक तंतूंतून नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि एटीपी सुटतात, वाहिनी आवळली जाते, आणि त्या आवळण्याखाली शिथिलन झाकलं जातं. म्हणून या तंतूंना गप्प करणारं ग्वानेथिडीन ५ मायक्रोमोलर, निदान ३० ते ४० मिनिटं.

पहिल्या काही मिनिटांत ताण थोडा वर जाऊ शकतो. ग्वानेथिडीन तंतूत शिरताना साठलेलं नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर ढकलतं, म्हणून. घाबरून धुऊन टाकू नका. आणि ते नॉरअ‍ॅड्रेनालिन आत ओढणाऱ्या पंपातूनच तंतूत शिरतं, तेव्हा त्याआधी कोकेन किंवा डेसिप्रामिन यांसारखं पंप अडवणारं औषध बाथमध्ये असेल तर ग्वानेथिडीन दारातच अडतं.

तपासून घ्या: बेसलाइनवरच, अजून आकुंचन न आणता, १६ हर्ट्झची एक छोटी मालिका द्या. ट्रेस वर गेला तर सिंपथेटिक तंतू अजून चालू आहेत, आणखी थांबा. ट्रेस सपाट राहिला तर २० मिनिटं विश्रांती देऊन पुढे जा. सपाट ट्रेस पाहून 'मज्जातंतू मेले' असं म्हणणारे भेटतात. पण टोन नसलेली वाहिनी सैल होणार कुठून?

कोलिनर्जिक (अ‍ॅसिटिलकोलिन सोडणाऱ्या) तंतूंचा परिणाम बाजूला ठेवायचा असेल तर अ‍ॅट्रोपिन १ मायक्रोमोलर याच वेळी घाला.

## पायरी ६: टोन आणा, आणि तो टिकतोय का पाहा

फिनायलेफ्रिन किंवा मेथॉक्झामिनने पोटॅशियमच्या आकुंचनाच्या ६० ते ८० टक्क्यांपर्यंत ताण न्या. १०० टक्क्यांच्या वर नेलेली रिंग विजेच्या बारीक प्रतिसादाला दाद देत नाही. ग्वानेथिडीन आल्यावर संवेदनशीलता बदलू शकते, म्हणून सकाळी ठरवलेली मात्रा डोळे झाकून वापरू नका.

तीन चुका इथे नेहमी दिसतात.

टोनसाठी पोटॅशियम वापरणं ही पहिली. जास्त पोटॅशियम मज्जातंतूंनाही उद्दीपित करतं आणि तुम्ही बटण दाबायच्या आधीच संदेशवाहक सुटायला लागतो. शिवाय पोटॅशियमचे मार्ग उघडून होणारं शिथिलन अशा द्रावणात दिसूच शकत नाही.

दुसरी, ग्वानेथिडीनऐवजी फेंटोलामिन घालून मग फिनायलेफ्रिनची वाट पाहत बसणं. फिनायलेफ्रिन ज्यावर काम करतं तो अल्फा ग्राहकच फेंटोलामिनने अडवलेला असतो. अशा वेळी वेगळ्या ग्राहकांमार्फत आवळणारं यू-४६६१९ किंवा सिरोटोनिन वापरा.

तिसरी चूक अधीरपणाची. आकुंचन शिखरावर पोचलं की लगेच वीज दिली जाते. बऱ्याच रिंगा शिखरावरून थोड्या खाली येऊन मग स्थिरावतात. तो उतार तुमच्या शिथिलनात मिसळतो.

तपासून घ्या: सलग ५ मिनिटं ट्रेस सपाट असला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करा. तीव्र प्रकाशानेही वाहिनीचा स्नायू सैल पडतो, आणि हा दोष शोधायला फार वेळ जातो.

## पायरी ७: वीज देणं

मज्जातंतू चेतवायला अगदी थोडक्या वेळाची पल्स, म्हणजे विजेचा ठोका, पुरते. स्नायूला ती जास्त वेळ लागते. आपल्या कामाची फट तीच आहे. पल्सची रुंदी ०.१ ते ०.३ मिलिसेकंद ठेवा. प्रतिसाद मिळत नाही म्हणून ती १ किंवा २ मिलिसेकंदांवर नेली की स्नायू थेट डिवचला जातो. प्रतिसाद मिळतो खरा, पण तो आपल्याला हवा असलेला नसतो.

व्होल्टेजचा आकडा सांगता येत नाही, कारण मिठाच्या द्रावणातून बराचसा प्रवाह रिंगला टाळून जातो आणि इलेक्ट्रोडमधल्या अंतरावर सगळं अवलंबून असतं. एक वेगळी रिंग यासाठीच राखून ठेवा. ८ हर्ट्झवर व्होल्टेज पायरीपायरीने वाढवा. प्रतिसाद वाढेनासा झाला की त्याहून किंचित वर ठेवा. स्टिम्युलेटरच्या खुंटीवरचा आकडा आणि इलेक्ट्रोडपाशी पोचलेली पल्स यांत फरक असतो, म्हणून एकदा ऑसिलोस्कोपवर पल्स स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

मग १, २, ४, ८, १६ हर्ट्झ, चढत्या क्रमाने, प्रत्येक मालिका २० ते ३० सेकंद. दोन मालिकांमध्ये टोन पूर्ण परत येऊ द्या, आणि नंतरही काही मिनिटं थांबा. संवेदी तंतूंच्या टोकांत सीजीआरपीचा साठा मर्यादित असतो. घाईने दिलेली चौथी मालिका छोटी आली तर ते औषधाचं यश समजू नका.

सावधान: वीज चालू असताना बाथमध्ये बोट किंवा चिमटा घालू नका. इलेक्ट्रोडवर बुडबुडे दिसले तर व्होल्टेज जास्त आहे.

तपासून घ्या: वीज सुरू होताच त्याच क्षणी ट्रेसवर उमटणारी उभी रेघ हा विजेचा डाग आहे. खरा प्रतिसाद थोड्या विलंबाने सुरू होतो.

## पायरी ८: तो मज्जातंतूच होता का?

टेट्रोडोटॉक्सिन ०.३ ते १ मायक्रोमोलर, १५ ते २० मिनिटं. ते मज्जातंतूतले सोडियम मार्ग अडवतं. टोन पुन्हा तेवढाच आहे याची खात्री करून तीच वारंवारता द्या. शिथिलन गेलं तर ते मज्जातंतूंचं होतं. यानंतर स्नायूला थेट सैल करणारं नायट्रोप्रुसाइड देऊन दाखवा की रिंग अजून सैल पडू शकते. ही दुसरी कृती बरेच जण गाळतात, आणि मग रिंगच दमली होती की तंतू अडवले गेले हे सांगता येत नाही.

सावधान: टेट्रोडोटॉक्सिनवर उतारा नाही. हातमोजे घाला, भुकटी कधीही उघड्यावर तोलू नका, आणि बाथमधलं द्रावण वेगळ्या बाटलीत गोळा करा.

शिथिलन राहिलंच, तर पल्स आखूड करून पुन्हा पाहा. काही संवेदी तंतूंत टेट्रोडोटॉक्सिनला दाद न देणारे सोडियम मार्गही असतात. तिथे ओमेगा-कोनोटॉक्सिन (तंतूच्या टोकातले कॅल्शियम मार्ग अडवणारं) किंवा कॅप्सेसिन (संवेदी तंतू निकामी करणारं) उपयोगी पडतं. त्याआधी द्रावणावरचा संशय मात्र फेडून घ्या. ऑक्सिजन भरलेल्या द्रावणातून वीज गेली की ऑक्सिजनचे अस्थिर कण तयार होऊ शकतात. त्यांनी वाहिनी सैल पडू शकते, आणि टोनसाठी नॉरअ‍ॅड्रेनालिन वापरलं असेल तर तेही खराब होतं. ऊती नसलेल्या बाथमध्ये तेच द्रावण, तीच वीज, तेवढाच वेळ द्या. ते द्रावण लगेच टोन आणलेल्या दुसऱ्या रिंगवर घाला. ती सैल पडली तर दोष द्रावणाचा. असे कण नष्ट करणारी सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटालेज ही एन्झाइम घालून प्रतिसाद कमी होतो का, हेही पाहता येतं.

## पायरी ९: कोणता संदेशवाहक?

नायट्रिक ऑक्साइडसाठी, ते बनवणारं एन्झाइम अडवणारं एल-नेम १०० मायक्रोमोलर, ३० मिनिटं. एल-आर्जिनिनने (नायट्रिक ऑक्साइडच्या कच्च्या मालाने) परिणाम उलटतो का आणि डी-नेमने (एल-नेमच्या निष्क्रिय जुळ्याने) काही होत नाही ना, हे पाहिलं की निष्कर्ष पक्का होतो. पुढचा दुवा, म्हणजे स्नायूत नायट्रिक ऑक्साइडचा संदेश घेणारं एन्झाइम, तपासायला ते अडवणारं ओडीक्यू १० मायक्रोमोलर.

सीजीआरपीसाठी त्याचा ग्राहक अडवणारं सीजीआरपी ८-३७ वापरा, किंवा कॅप्सेसिन १ मायक्रोमोलर देऊन संवेदी तंतू निकामी करा. कॅप्सेसिन पहिल्यांदा दिल्यावर तंतू स्वतःच सीजीआरपी ओततात आणि टोन आणलेली रिंग सैल पडते. म्हणून ते टोन आणण्याआधी द्या, २० मिनिटं ठेवा, नीट धुवा. ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं, तेव्हा तेवढंच अल्कोहोल दिलेली रिंग शेजारी हवीच.

प्रत्येक औषधासोबत औषधाशिवायची एक रिंग सगळ्या वेळा तशाच पाळून चालवा. दुसरी फेरी पहिलीपेक्षा आपसूक किती घसरते, ते तिच्यावरूनच कळतं.

## पायरी १०: मोजणी

शिथिलन नेहमी वाढवलेल्या टोनच्या टक्क्यांत मोजा, एकूण ताणाच्या नाही. बेसलाइन २ मिलिन्यूटन, फिनायलेफ्रिननंतर १२, विजेनंतर ८. टोन १० ने वाढला, ४ ने उतरला, म्हणजे शिथिलन ४० टक्के. १२ ने भागणारे ३३ लिहितात.

आता एल-नेम घातलं. त्याने रिंगचा ताण स्वतःच वाढतो. त्याच मात्रेच्या फिनायलेफ्रिनने या वेळी ताण १६ वर गेला आणि विजेने १२ वर आला. उतार तोच, ४ मिलिन्यूटन. पण टोन १४ चा, म्हणून शिथिलन २९ टक्के. कागदावर ४० चं २९ झालं, आणि एल-नेमने शिथिलन अडवल्याचा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात या आकड्यांवरून तसं म्हणताच येत नाही. म्हणून औषधानंतर फिनायलेफ्रिनची मात्रा कमी करून टोन पुन्हा १२ वर आणा आणि मगच वीज द्या. ट्रेसवर मात्रा आणि टोन दोन्ही लिहा.

सगळ्यात शेवटी पॅपाव्हेरिन १०० मायक्रोमोलर देऊन रिंग पूर्ण सैल करा. बेसलाइन सकाळच्या जागेवरून सरकली असेल तर इथे दिसते, आणि तेवढा फरक आधीच्या टक्केवारीत दुरुस्त करावा लागतो. एका प्राण्याच्या चार रिंगा म्हणजे चार नमुने नव्हेत. त्यांची सरासरी काढा आणि तो प्राणी एकच मोजा.